पोहणाऱ्याची उंची, हात आणि ताकद : मापे काय सांगतात आणि काय सांगत नाहीत

उन्हाळी सुट्टी लागली की बेळगाव असो, कोल्हापूर असो, पणजी असो की वडोदरा, गावातला तलाव पोरांनी भरून जातो. महिनाभराच्या शिबिरातून पाच-दहा पोरं पुढे स्पर्धेच्या सरावाला टिकतात. मग पालकांच्या तोंडी एकच प्रश्न येतो : 'सर, आमच्या पोराची उंची पुरेल का?' काही ठिकाणी निवडीच्या वेळी टेप लावला जातो, पट्टीवरचा आकडा बघितला जातो आणि पोरगं चालेल की नाही हे तिथेच ठरते. बारा वर्षांच्या मुलाला एकदा 'तू बुटका आहेस' म्हटले की पुढच्या मोसमात तो बहुधा तलावावर दिसत नाही.

पोहण्याच्या खेळात शरीराच्या मापांना महत्त्व आहे हे खरेच. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत त्यावर जगभर भरपूर अभ्यास झाला आहे. पण त्याच अभ्यासांनी असेही दाखवून दिले आहे की हीच मापे चुकीच्या वयात, चुकीच्या पद्धतीने घेतली तर फसवतात. मापे कोणती, ती कशी घ्यायची, त्यांचा वेगाशी संबंध काय आणि ताकदीचा भाग किती, याची एकत्रित माहिती पुढे दिली आहे.

कोणती मापे घेतात?

शरीरमापनाचे नियम ठरवणारी 'आयसॅक' ही आंतरराष्ट्रीय संस्था १९८६ पासून काम करते. कुठल्या हाडाच्या टोकापासून कुठल्या टोकापर्यंत टेप धरायचा, चिमटा किती वेळ ठेवायचा, कुठल्या बाजूचे माप घ्यायचे, हे सगळे तिने ठरवून दिले आहे. आपल्याकडे शारीरिक शिक्षणाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात हे शिकवले जाते. १९५७ मध्ये ग्वाल्हेरला सुरू झालेल्या लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्थेसारख्या ठिकाणी तयार झालेले अनेक क्रीडाशिक्षक आज देशभर आहेत.

जलतरणपटूची साधारणपणे ही मापे घेतली जातात :

उंची : उभी उंची, अनवाणी, पाठ भिंतीला, नजर समोर.

बसलेली उंची : स्टुलावर ताठ बसवून स्टुलाच्या पाटापासून डोक्यापर्यंत. यावरून धड किती आणि पाय किती हे कळते.

बाहुविस्तार : दोन्ही हात खांद्याच्या रेषेत पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या मधल्या बोटाच्या टोकापर्यंत.

रुंदी : खांद्यांची आणि कमरेच्या हाडांची.

पंजा आणि पाऊल : हाताच्या पंजाची लांबी-रुंदी आणि पावलाची लांबी.

घेर : दंड, छाती, कंबर, मांडी, पोटरी.

त्वचेखालील चरबी : कॅलिपर नावाच्या चिमट्याने ठरलेल्या आठ जागांवर कातडीची घडी धरून मिलिमीटरमध्ये मोजतात.

वजन तर घेतलेच जाते. मात्र वजन आणि उंचीवरून काढलेला बीएमआय पोहणाऱ्याला फारसा उपयोगी नाही. स्नायू आणि चरबी यांतला फरक त्याला कळत नाही. खांदे भरलेला अठरा वर्षांचा पोहणारा बीएमआयच्या तक्त्यात 'जाड' ठरू शकतो.

उंच माणूस पाण्यात जोरात का जातो?

पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट दाट असते. त्यामुळे पोहताना सगळा झगडा पाण्याच्या विरोधाशी, म्हणजे रोधाशी असतो. हा रोध तीन प्रकारचा. कातडीवर पाणी घासते तो एक, शरीराच्या पुढच्या भागाने पाणी बाजूला सारावे लागते तो दुसरा आणि पृष्ठभागावर लाट उठते तिच्यात ताकद वाया जाते तो तिसरा.

उंचीचा फायदा या तिसऱ्या प्रकारात दिसतो. होडी जितकी लांब तितकी ती स्वतःच्या लाटेत उशिरा अडकते, हे नाव चालवणारा कोणीही सांगेल. नौकाशास्त्रात याचे सूत्र आहे. त्या सूत्राने १.७ मीटर लांबीच्या वस्तूची लाटेत अडकण्याची मर्यादा सेकंदाला सुमारे १.६ मीटर येते आणि २ मीटर लांबीच्या वस्तूची सुमारे १.७७ मीटर. माणूस म्हणजे होडी नव्हे. हात पुढे ताणला की त्याची लांबी वाढते आणि अव्वल धावपटूंसारखे अव्वल पोहणारेही हिशेबाच्या पुढे जातात, सेकंदाला दोन मीटरची हद्द ओलांडतात. पण लांब शरीराला तेवढ्याच वेगासाठी लाटेचा त्रास कमी होतो, हे तत्त्व लागू पडते.

लाट ही पृष्ठभागावरची गोष्ट आहे, खोल गेले की ती कमी होते. स्टार्टनंतर आणि टर्ननंतर खेळाडू पाण्याखाली डॉल्फिन किक मारत जातात ते याचसाठी. फ्रीस्टाईल, बॅकस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये १५ मीटरच्या आत डोके वर आलेच पाहिजे असा नियम त्यामुळेच करावा लागला.

लांब हातांचा फायदा वेगळा. पोहण्याचा वेग म्हणजे एका स्ट्रोकमध्ये कापलेले अंतर गुणिले स्ट्रोकची गती. हात लांब, पंजा मोठा असला की एका स्ट्रोकमध्ये जास्त पाणी मागे लोटता येते आणि तेच अंतर कमी स्ट्रोकमध्ये संपते. फ्रीस्टाईलमध्ये पुढे ढकलणारा बहुतेक जोर हातांचाच असतो. पायांचे मुख्य काम शरीर आडवे, तरंगते ठेवण्याचे.

धड लांब आणि पाय तुलनेने आखूड असले तरी मदत होते. फुप्फुसांतल्या हवेमुळे छाती वर राहते आणि जड पाय खाली बुडू पाहतात. पाय बुडले की शरीर तिरपे होते आणि रोध वाढतो.

मोठ्या खेळाडूंचे आकडे

अमेरिकेचा मायकेल फेल्प्स हे नेहमीचे उदाहरण. ऑलिंपिकमध्ये २३ सुवर्णांसह २८ पदके. उंची १९३ सें.मी. आणि बाहुविस्तार सुमारे २०१ सें.मी. सर्वसाधारण माणसाचा बाहुविस्तार जवळपास उंचीएवढाच असतो, फेल्प्सचा तो आठ सेंटीमीटरने जास्त. त्यात धड लांब आणि पाय उंचीच्या मानाने आखूड. ऑस्ट्रेलियाचा इयान थॉर्प सुमारे १९५ सें.मी. उंच, पाच ऑलिंपिक सुवर्णे, आणि त्याच्या १७ नंबरच्या बुटाची चर्चा त्याच्या पदकांएवढीच झाली. केटी लेडेकी सुमारे १८३ सें.मी. उंच, पॅरिसपर्यंत नऊ ऑलिंपिक सुवर्णे.

हे वाचून कुठल्याही पालकाची छाती दडपेल. सरासरी भारतीय पुरुषाची उंची १६५ सें.मी.च्या आसपास आहे. पण या यादीत जपानचा कोसुके किताजिमाही आहे. उंची १७८ सें.मी. अथेन्स २००४ आणि बीजिंग २००८ या दोन्ही ऑलिंपिकमध्ये त्याने १०० आणि २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकची सुवर्णे नेली, तीही त्याच्याहून उंच गड्यांना मागे टाकून.

ब्रेस्टस्ट्रोकचे गणितच वेगळे असते. तिथे पायांचा वाटा मोठा. गुडघा बाहेर वळणे, पाऊल वर ओढून बाहेर फिरवणे हे ज्याला जमते त्याला किकमध्ये जास्त पाणी सापडते. बाकीच्या तीन प्रकारांत उलट, पाऊल सरळ मागे ताणले जाणे महत्त्वाचे. म्हणजे घोट्याची लवचिकता हेही एक मापच आहे, फक्त त्याला कोणी टेप लावत नाही.

१९९१ साली ऑस्ट्रेलियात पर्थ येथे जागतिक जलक्रीडा स्पर्धा झाली. तिथे जमलेल्या नऊशेच्या आसपास खेळाडूंची मापे शास्त्रज्ञांच्या पथकाने घेतली. पोहणारे, सूर मारणारे, वॉटरपोलो आणि समूह जलनृत्य करणारे, सगळे त्यात होते. आजही या विषयावर बोलताना त्या मापनाचा आधार घेतला जातो. त्यातून दिसले ते असे, की एकच 'जलतरणपटूची देहयष्टी' नसते. कमी अंतराचे पोहणारे लांब अंतरवाल्यांपेक्षा उंच आणि वजनदार असतात, आणि स्ट्रोक बदलला की शरीराची ठेवणही काहीशी बदलते. उंचीने मार खाणाऱ्या मुलाला ५० मीटर फ्रीस्टाईल अवघड जाईल, म्हणून ८०० किंवा १५०० मीटरही अवघड जाईल असे नव्हे.

ताकद कशी मोजतात?

टेप शरीराचा आकार सांगतो. त्या आकाराच्या आत किती जोर आहे हे मोजायला वेगळ्या चाचण्या लागतात. जमिनीवरच्या चाचण्या सोप्या आहेत. हाताच्या पकडीचा जोर डायनामोमीटरने किलोमध्ये मोजतात. जागेवरून उभी उडी, मेडिसिन बॉल फेक, पुल-अप, स्क्वॉट या इतर चाचण्या. काही ठिकाणी 'स्विम बेंच' असते. त्या बाकावर पालथे पडून, पाण्यात ओढतात तशी दोरी ओढायची आणि यंत्र जोर दाखवते.

पाण्यातली मुख्य चाचणी म्हणजे बांधून पोहणे. कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर, दोराला जोर मोजणारे यंत्र. खेळाडू जागच्या जागी तीस सेकंद पूर्ण जोर लावून पोहतो. पहिल्या पाच सेकंदांतला जोर आणि शेवटच्या पाच सेकंदांतला जोर यांतली तफावत बघितली की दमायला किती वेळ लागतो तेही कळते.

वेग आणि ताकद यांचा हिशेब मोठा कठोर आहे. रोध साधारणपणे वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. दहा टक्के जास्त वेगाने जायचे तर सुमारे ३३ टक्के जास्त शक्ती लागते. शंभर मीटरमध्ये एक सेकंद कमी करायला महिने का लागतात याचे उत्तर यात आहे.

जिममधली ताकद पाण्यात उतरते का?

इथे घोटाळा होतो. १९८२ मध्ये अमेरिकेत शार्प, ट्रूप आणि कॉस्टिल यांनी स्विम बेंचवरची शक्ती आणि २५ यार्डांचा वेग यांची तुलना केली. दोन्हींचे नाते फार घट्ट निघाले. ज्याच्या हातात जोर जास्त तो जोरात. त्यावरून अनेक देशांत पोहणाऱ्यांना वजने उचलायला लावली गेली.

पुढे १९९३ मध्ये कॉस्टिल ज्यात होते अशाच एका गटाने, तनाका यांच्यासोबत, महाविद्यालयीन पोहणाऱ्यांवर प्रयोग केला. एका गटाला पोहण्याबरोबर वजनांचा व्यायाम, दुसऱ्याला फक्त पोहणे. व्यायाम करणाऱ्यांची जमिनीवरची ताकद २५ ते ३५ टक्क्यांनी वाढली. पण पाण्यात त्यांचा वेग दुसऱ्या गटापेक्षा जास्त वाढला नाही.

दोन्ही निष्कर्ष एकमेकांना खोडत नाहीत. पहिल्या अभ्यासात सगळ्या दर्जाचे पोहणारे एकत्र होते, त्यामुळे बलवान आणि कमजोर यांतला फरक उठून दिसला. सारखाच सराव असलेल्या खेळाडूंमध्ये नुसता जोर वाढवून भागत नाही, कारण पाणी हाताखालून निसटते. जमिनीवर दोरी घट्ट असते, पाण्यात हाताला धरायला काही नसते. पंजाचा कोन, कोपर वर ठेवणे, पाणी 'पकडणे' हे जमले नाही तर वाढलेला जोर फेसात जातो.

हॉलंडचे शास्त्रज्ञ तूसाँ यांनी याला आकडा दिला. लावलेल्या शक्तीपैकी पुढे जाण्यासाठी किती कामी येते हे त्यांनी मोजले. स्पर्धात्मक जलतरणपटूंमध्ये हा वाटा सुमारे ६१ टक्के आणि ट्रायथलॉनवाल्यांमध्ये सुमारे ४४ टक्के निघाला. ट्रायथलॉनचे खेळाडू काही कमजोर नव्हते. त्यांची बरीच ताकद पाणी ढवळण्यात जात होती.

मग जिम फुकट का? तसेही नाही. स्टार्ट आणि टर्न हा पायांच्या जोराचा सरळ हिशेब आहे. ब्लॉकवरून उडी मारताना आणि भिंतीला लाथ मारताना पायांखाली घट्ट आधार असतो, त्यामुळे तिथे स्क्वॉटमधली ताकद थेट उतरते. ५० मीटरच्या शर्यतीत पहिले १५ मीटर हाच एकूण वेळेचा जवळपास चतुर्थांश भाग असतो. २५ मीटरच्या तलावात तर भिंत दुप्पट वेळा येते. लहान तलावात सराव करणाऱ्या आपल्याकडच्या पोरांनी टर्नवर मेहनत घेतली तर तिचे फळ लवकर दिसते.

वयात येण्याचा घोळ

निवडीच्या वेळी सगळ्यात जास्त अन्याय होतो तो इथे. मुलींची उंची सर्वांत झपाट्याने साधारण बाराव्या वर्षी वाढते आणि मुलांची चौदाव्या वर्षी. पण ही सरासरी झाली. एखाद्या मुलाची उंची बाराव्या वर्षीच सुटते, एखाद्याची सोळाव्या वर्षी. शाळेच्या दाखल्यावर दोघेही तेरा वर्षांचे, पण शरीराने त्यांच्यात तीन-चार वर्षांचे अंतर असू शकते.

लवकर वाढलेला मुलगा त्या वयोगटात सगळ्या शर्यती जिंकतो. त्याचे हात लांब, स्नायू तयार. उशिरा वाढणारा सहावा-सातवा येतो आणि निवड समितीच्या कागदावरून उडतो. सतराव्या वर्षी तोच मुलगा पहिल्याच्या बरोबरीला किंवा पुढेही गेलेला असू शकतो, जर तोपर्यंत तो तलावावर राहिला असेल तर. उशिरा वाढणाऱ्याला एक फायदाही मिळतो. जोर कमी म्हणून तो तंत्र नीट शिकतो आणि मागून जोर आला की ते तंत्र कामी येते.

आणखी एक गोष्ट प्रशिक्षकांनी पालकांना सांगायला हवी. आधी उंची वाढते, ताकद मागून येते. मुलांमध्ये ताकदीची मोठी वाढ उंचीच्या उसळीनंतर साधारण सहा महिने ते वर्षभराने दिसते. मधल्या काळात हात-पाय लांब झालेले पण ताब्यात नसलेले असतात. वेळ बिघडते. 'पोरगं आळशी झालंय' असे घरचे म्हणतात. प्रत्यक्षात ते नव्या शरीराची सवय करून घेत असते.

वाढत्या उंचीची भीती बाळगायचेही कारण नाही. तूसाँ यांच्याच गटाने मुलांना अडीच वर्षे तपासले. त्या काळात मुलांच्या शरीराचा आडवा छेद सुमारे १६ टक्क्यांनी वाढला, म्हणजे बाजूला सारायचे पाणी वाढले. तरी त्याच वेगाला लागणारा रोध वाढला नाही. शरीर रुंद झाले तसे लांबही झाले आणि आकार पाण्याला सोयीचा झाला.

मूल किती उंच होईल याचा ढोबळ अंदाज आई-वडिलांच्या उंचीवरून येतो. मुलासाठी दोघांच्या उंचीची बेरीज करून त्यात १३ मिळवायचे आणि दोनने भागायचे, मुलीसाठी १३ वजा करून दोनने भागायचे. वडील १६८ आणि आई १५५ सें.मी. असेल तर मुलाचा अंदाज १६८ आणि मुलीचा १५५ येतो. पण हा अंदाज आठ-दहा सेंटीमीटरने इकडे-तिकडे होऊ शकतो. एवढ्या कच्च्या आकड्यावर कोणाच्या पोराचे भवितव्य ठरवू नये.

आपल्या मुलखातली तीन नावे

कोल्हापूरचा वीरधवल खाडे घडला तो कोल्हापूर आणि पुढे बेंगळुरू अशा दोन राज्यांतल्या तलावांवर. १७ वर्षे पूर्ण होण्याआधीच तो २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उतरला. २०१० मध्ये ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत त्याने ५० मीटर बटरफ्लायचे कांस्य जिंकले. १९८६ च्या खजान सिंग यांच्या रौप्यानंतर २४ वर्षांनी भारताला आशियाई जलतरणात पदक मिळाले होते. नंतर तहसीलदाराची नोकरी सांभाळत तो पुन्हा तलावावर आला आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाईलमध्ये चौथा आला. वेळ २२.४७ सेकंद, कांस्य २२.४६ ला गेले. त्या वेगाने एका शतांश सेकंदात खेळाडू सुमारे दोन सेंटीमीटर जातो. बोटाच्या एका पेराएवढे अंतर. उंची, हात, ताकद, भिंतीला हात लावण्याची वेळ, सगळे मिळून शेवटी हिशेब एवढ्यावर येतो.

दुसरे नाव मुरलीकांत पेटकर, सांगली जिल्ह्यातल्या पेठ गावचे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचे शरीर निकामी झाले. १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाईलमध्ये ३७.३३ सेकंदांचा जागतिक विक्रम करून त्यांनी भारताचे पहिले पॅरालिंपिक सुवर्ण जिंकले. पायांचा जोर शून्य धरून, नुसत्या खांदे आणि हातांच्या बळावर.

तिसरा सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्याचा सुयश जाधव. लहानपणी विजेचा धक्का बसून दोन्ही हात गेले. रिओ २०१६ च्या पॅरालिंपिकपर्यंत तो पोचला आणि २०१८ च्या आशियाई पॅरा स्पर्धेत त्याने ५० मीटर बटरफ्लायचे सुवर्ण जिंकले.

पॅरा जलतरणात मापांना कायदेशीर वजन आहे. शारीरिक अपंगत्वासाठी एस १ ते एस १०, दृष्टिदोषासाठी एस ११ ते एस १३ आणि बौद्धिक अपंगत्वासाठी एस १४ असे गट असतात. ब्रेस्टस्ट्रोकसाठी गट वेगळे धरतात. शारीरिक गटात स्नायूंचा जोर ० ते ५ या श्रेणीत तपासतात, सांधे किती हलतात ते पाहतात, अवयवांची लांबी मोजतात आणि मग पाण्यात पोहायला लावून खात्री करतात. इथेही नुसत्या टेपवर निर्णय होत नाही. बिनअपंग मुलांच्या निवडीत मात्र पाण्यातली चाचणी कधीकधी मागे पडते.

मोजताना होणाऱ्या चुका

माणूस सकाळी उंच आणि संध्याकाळी सुमारे एक सेंटीमीटरपर्यंत बुटका असतो. मणक्यांमधल्या चकत्या दिवसभरात दबतात. सकाळी एक माप, पुढच्या वेळी संध्याकाळी दुसरे, असे केले तर वाढ थांबल्यासारखी दिसेल. वेळ एकच ठेवावी.

टेप ताणून सैल झालेला शिंप्याचा नको, न ताणणारा धातूचा बरा. चरबीचा चिमटा शरीराच्या उजव्या बाजूला लावतात आणि सोडल्यावर दोन सेकंदांनी आकडा वाचतात. प्रत्येक माप दोनदा घ्यावे आणि सरासरी धरावी. फरक जास्त आला तर तिसऱ्यांदा घेऊन मधला आकडा धरावा. दर वेळी एकाच माणसाने मोजावे.

चिमट्याच्या आकड्यावरून 'चरबी इतके टक्के' असे सूत्र लावण्यापेक्षा आठ जागांची मिलिमीटरमधली बेरीज लिहून ठेवणे सोपे आणि जास्त भरवशाचे. सूत्रे ज्या लोकांवर बेतलेली असतात ते लोक आपले नसतात.

मुलींची मापे महिलेनेच, आडोशाला, पालकाच्या माहितीने घ्यावीत. वजनाचा आणि चरबीचा आकडा तलावावर मोठ्याने वाचून दाखवणे ही शिस्त नव्हे. कमी खाऊन जास्त सराव केल्याने मुलींची पाळी अनियमित होते, हाडे ठिसूळ होतात, वारंवार आजारपण येते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ पासून या त्रासाकडे मुलामुली दोघांसाठी लक्ष वेधले आहे. पाळी लागोपाठ तीन महिने चुकली तर वजनाकडे बघत न बसता डॉक्टर गाठावा.

खांद्याचेही तसेच. पोहणारा आठवड्याला हजारो वेळा खांदा फिरवतो. हात आत ओढणारे स्नायू बळकट होतात, बाहेर फिरवणारे मागे पडतात आणि खांदा दुखू लागतो. रबरी पट्ट्यांचे साधे व्यायाम मागच्या स्नायूंना बळ देतात. दुखणे दाबून पोहू देऊ नये.

तलावावर ठेवायची वही

महागडी यंत्रे कुठल्याच गावच्या तलावावर नसतात. पण स्टॉपवॉच आणि वही पुरते. दर तीन महिन्यांनी एका पानावर एवढे लिहावे : तारीख, उंची, बसलेली उंची, बाहुविस्तार, वजन, उभी उडी, मेडिसिन बॉल फेक, पहिल्या १५ मीटरची वेळ.

सोबत स्ट्रोकचा हिशेब. २५ मीटरच्या तलावात मधले दहा मीटर धरावेत. समजा ते ६.२५ सेकंदांत गेले, वेग झाला सेकंदाला १.६ मीटर. त्याच वेळी हाताच्या तीन पूर्ण फेऱ्यांना ३.६ सेकंद लागले, म्हणजे एका फेरीला १.२ सेकंद, मिनिटाला ५० फेऱ्या. १.६ गुणिले १.२, म्हणजे एका फेरीत १.९२ मीटर अंतर कापले. तीन महिन्यांनी उंची दोन सेंटीमीटर वाढली आणि फेरीतले अंतरही वाढले तर नवे शरीर कामाला लागले. उंची वाढली पण अंतर तेवढेच राहिले तर तंत्राकडे बघायचे.

पालक नेहमी विचारतात

पोहल्याने उंची वाढते का? नाही. उंची आई-वडिलांकडून, अन्नातून आणि झोपेतून येते. पोहणारे उंच दिसतात कारण उंच मुले त्या खेळात टिकतात.

वजने उचलल्याने उंची खुंटते का? जाणकाराच्या नजरेखाली, हलक्या वजनापासून सुरुवात केली तर तसे होत नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलांनी आधी स्वतःच्या शरीराचे वजन पेलायला शिकावे : दंड, बैठका, लोंबकळणे, दोरीउड्या.

डब्यातली प्रोटीन पावडर लागते का? वाढत्या वयात डाळ, उसळ, अंडी, दूध, मासे, भाकरी यांनी काम भागते. काही पावडरींत बंदी घातलेले पदार्थ मिसळलेले सापडले आहेत आणि उत्तेजक चाचणीत सापडलेल्या खेळाडूला 'मला माहीत नव्हतं' म्हणून सुटता येत नाही.

मुलगा तेरा वर्षांचा, उंचीने लहान. सोडून द्यायचे का? किमान सोळा-सतरापर्यंत थांबावे. त्याच्या वेळेची तुलना शेजारच्या लेनमधल्या मोठ्या पोराशी न करता त्याच्या स्वतःच्या सहा महिन्यांपूर्वीच्या वेळेशी करावी.

बेळगावचा मुलगा कर्नाटकाकडून उतरतो, कोल्हापूरचा महाराष्ट्राकडून, फोंड्याचा गोव्याकडून. निवडीचे कागद आणि नियम वेगवेगळे असतील. पण निवड समितीसमोर तीन वर्षांची नीट लिहिलेली वही ठेवली तर एका दिवसाच्या टेपपेक्षा तिचे वजन जास्त पडेल. येत्या मोसमात ही वही सुरू करायला एक स्टॉपवॉच, एक धातूचा टेप आणि शनिवारची अर्धी सकाळ एवढेच लागते.